अहवालातले मासे

भांडुप (पूर्व)
८ ऑक्टोबर २०२५

सुविमल एन्व्हायरो कंपनीत जो कोणी हे पत्र फोडेल त्याला,

सोनूबाई बळवंत वैती हिचा नमस्कार. आधी फोन केला होता. तुमच्या फोनवरची मुलगी एक दाबा, दोन दाबा म्हणते. मराठीसाठी तीन दाबलं तर गाणं लागलं. वीस मिनिटं गाणं ऐकलं, तेवढ्यात मांजराने बांगडा पळवला. म्हणून हे पत्र. मी सातवीपर्यंत शिकले आहे आणि पत्रलेखनात मला दहापैकी नऊ गुण होते. एक गुण तारीख टाकायला विसरले म्हणून गेला. तेव्हापासून तारीख आधी टाकते.

मी भांडुपच्या बाजारात एकेचाळीस वर्षं मासे विकते. मार्च महिन्यात तुमच्या कंपनीची एक मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन आली. मला खाडीच्या काठावर नेलं, मांडीवर पाटी ठेवली आणि हसा म्हणाली. मी हसले. पाचशे रुपये दिले आणि कंपनीची पाण्याची बाटली. मला वाटलं, विषय संपला.

गणपती गेले आणि बाजाराच्या तोंडाशी तुमचा बोर्ड लागला. दोन मजले उंच. त्यावर मी, माझी पाटी, मागे तुमचा टँकर आणि टँकरवर कवटीचं चित्र. खाली लिहिलंय, "घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या आमच्या प्रकल्पाशेजारच्या खाडीतून, थेट पाटीत. खाडी खूश, सोनूबाई खूश." तेच पुस्तकात छापून मुलुंड-भांडुपच्या सोसायट्यांत वाटलंत.

आता गिऱ्हाईक येतं, बोर्डाकडे बघतं, माझ्याकडे बघतं, मग सुरमईकडे बघतं आणि शेजारणीच्या पाटीकडे सरकतं. एक बाई सुरमई हुंगून म्हणाली, ॲसिडसारखा वास येतोय. ॲसिडचा वास तिला कुठून माहीत, देव जाणे. चाळीस किलो माल आणते, बारा जातो. बाकीचा बर्फात आणि बर्फ संपला की मिठात. असंच चाललं तर होळीपर्यंत माझी बसायची जागा दुसरीला द्यावी लागेल. ती जागा माझ्या सासूची, त्याआधी तिच्या सासूची. सोनूने ती घालवली असं कुणी म्हणू नये, एवढंच मला वाटतं.

बोर्ड काढा. खाडीचं काय ते तुम्ही आणि खाडी बघून घ्या. सोनूबाई खूश नाही.

सोनूबाई बळवंत वैती


मुलुंड (पश्चिम)
१७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय श्रीमती सोनूबाई वैती,

आपले दिनांक ८ चे पत्र मिळाले. आपल्यासारख्या शेजाऱ्यांचा अभिप्राय ही सुविमल परिवाराची खरी संपत्ती आहे.

आपल्या माहितीसाठी नमूद करावेसे वाटते की, २०२४-२५ या वर्षात आमच्या कंपनीने रंग, औषधे व रसायने यांच्या कारखान्यांतील एक लाख बेचाळीस हजार टन घातक कचऱ्यावर सुरक्षित प्रक्रिया केली. नफा एकोणीस टक्क्यांनी वाढला. वापरलेल्या पाण्यापैकी शंभरातले शहाण्णव लिटर पाणी आम्ही शुद्ध करून पुन्हा वापरतो. आणि ज्या खाडीच्या काठी आमचा प्रकल्प आहे, तिथे मासे परत आले आहेत. या यशाचा चेहरा म्हणून आमच्या वार्षिक अहवालाच्या, म्हणजे सोसायट्यांत वाटलेल्या पुस्तकाच्या, मुखपृष्ठावर आपली निवड झाली. या अहवालाला राज्यपातळीवरचा एक हरित पुरस्कारही मिळाला आहे.

विक्रीतील तात्पुरती घट ही नवरात्रासारख्या उपवासाच्या दिवसांमुळे असावी, असा आमच्या विभागाचा अंदाज आहे. तरीही ग्राहकांच्या मनातील शंका दूर व्हावी म्हणून आमच्या प्रतिनिधीने आपल्याकडूनच अर्धा किलो मांदेली विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतली. तिचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. कृपया ते दर्शनी भागात लावावे. उन्हापासून संरक्षणासाठी कंपनीची एक मोठी छत्रीही स्वतंत्रपणे पाठवीत आहोत.

आपली विश्वासू,
सपना पाईकराव
कनिष्ठ अधिकारी, शाश्वतता विभाग


भांडुप (पूर्व)
२९ ऑक्टोबर २०२५

सपनाबाई,

पहिली गोष्ट, मला श्रीमती लिहू नका. माझा नवरा जिवंत आहे, चांगला दोन वेळा जेवतो. सौ. लिहा.

दुसरी गोष्ट, नवरात्र कधी येतं आणि कधी जातं हे मासे विकणारीला शिकवू नका. श्रावण, पितृपक्ष, चतुर्थ्या, मार्गशीर्षातले गुरुवार, हे सगळं आमच्या हाडांत असतं. नवरात्र गेलं, दिवाळी गेली, भाऊबीजही झाली. गिऱ्हाईक अजून बोर्डाकडेच बघतंय.

तुमचं प्रमाणपत्र लावलं. शेजारच्या चंद्रप्रकाश कोंबडीवाल्याने चिकटपट्टी दिली. त्यावर जाड अक्षरांत लिहिलंय, शिसे, पारा, आर्सेनिक, सगळं मर्यादेत. मासा घ्यायला आलेल्या माणसाला तुम्ही पारा वाचायला लावलात. एका आजोबांनी चष्मा लावून अख्खा कागद वाचला आणि मला विचारलं, "मर्यादेत म्हणजे आहे तर खरा?" त्यांनी चंद्रप्रकाशकडून अंडी नेली. दोन तासांत मी तो कागद काढला. आणि ते मांदेली घेणारं गिऱ्हाईक तुमचंच होतं होय? त्या आठवड्यात एकच नवीन माणूस आला होता, मी खूश होऊन त्याला मूठभर जास्त घातली होती.

छत्रीवर तुमच्या कंपनीचं नाव आणि धोक्याचा पिवळा त्रिकोण आहे. तिच्याखाली बसून मी मासे विकू? ती नवऱ्याने नेली.

आता नीट ऐका. माझे मासे खाडीतले नाहीतच. मी रोज पहाटे टेम्पोने भाऊच्या धक्क्यावर जाते आणि तिथून माल घेते. अख्ख्या बाजाराला हे माहीत आहे. सुरमई काय भांडुपच्या खाडीत होते? बोर्डावर तेवढंच लिहा, सोनूबाईंचे मासे धक्क्यावरचे. मग बोर्ड दहा वर्षं ठेवा, माझी हरकत नाही. फोटो तसा बरा आलाय.

सौ. सोनूबाई बळवंत वैती


भांडुप (पश्चिम)
६ नोव्हेंबर २०२५

सौ. सोनूबाईंना नमस्कार.

हे पत्र मी घरून लिहीत आहे, साध्या कागदावर. ऑफिसचा कागद वापरला तर त्याची नोंद होते आणि ती माझे साहेब दिपेश सर वाचतात.

मार्चमध्ये फोटो काढायला आलेली ती मुलगी मीच. आठवत असेल तर, मी तुम्हाला विचारलं होतं की मावशी, मासे कुठले? तुम्ही म्हणालात, "नवऱ्याने पहाटे खाडीत काढलेत, अजून तडफडतायत." मी वहीत लिहून घेतलं होतं. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे.

खरं सांगते, ते वाक्य मला देवासारखं भेटलं. खाडीचा अभ्यास करायला आम्ही एक तज्ज्ञ नेमला होता. तो मार्चअखेरपर्यंत काही देऊ शकला नाही आणि दिपेश सर रोज विचारत होते, माशांचं काय झालं? मी तुमचं वाक्य लिहिलं. त्यांनी त्याला इंग्रजी कपडे चढवले आणि ते अहवालाच्या सदतिसाव्या पानावर गेलं. सोसायट्यांत वाटलेल्या मराठी पुस्तकात मात्र तुमचं बोलणं जसंच्या तसं राहिलं. दोनशे चौदा पानांत तेवढं एकच पान लोकांना आवडलं.

आता अडचण अशी आहे. कंपनीने नवी भट्टी बांधायला एका बँकेकडून नव्वद कोटींचं कर्ज घेतलंय. पाच गोष्टी पूर्ण केल्या तर बँक व्याजात अर्धा टक्का सूट देते. चार गोष्टी खऱ्याखुऱ्या झाल्यात, त्यासाठी प्रकल्पावरच्या लोकांनी जीव तोडून काम केलंय. पाचवी गोष्ट म्हणजे खाडीत मासे परत येणं. आणि ती पाचवी गोष्ट तुमच्या पाटीत आहे.

मी अजून कच्ची आहे, नोकरी पक्की व्हायची ती जानेवारीत. घरी पप्पा निवृत्त झालेत, धाकट्या विकीचं शिक्षण चालू आहे. तुम्ही मला एवढंच कळवा, खाडीतले थोडे तरी मासे तुमच्या पाटीत असतात की नाही? कधीतरी? एखादा?

तुमची,
सपना

ता.क. तुमच्यापासून लपवत नाही. माझे पप्पा, अंबादास पाईकराव, मूळचे हिंगोलीचे. काटे काढून मासा खायला भांडुपला येऊन शिकले. दर रविवारी तुमच्याच बाजारातून आणतात. बोर्ड लागल्यापासून तेही शेजारच्या पाटीवर जातात. बोर्ड मी केलाय हे त्यांना माहीत नाही.


भांडुप (पूर्व)
१२ नोव्हेंबर २०२५

सपना,

तू माझ्या क्षमाच्या वयाची निघालीस, म्हणून आता अगं-तुगं करते. क्षमा माझी मुलगी, लग्न होऊन वसईला असते.

वाक्य मी बोलले, कबूल. आता ते काय आहे ते सांगते. आमच्या बाजारात गिऱ्हाईक विचारतं, मासे कुठले? त्याचं उत्तर एकच असतं. नवऱ्याने पहाटे काढलेत, अजून तडफडतायत. माझी सासू हेच म्हणायची, शेजारची सुलक्षणाही हेच म्हणते, आणि तिचा नवरा पालिकेत क्लार्क आहे. गिऱ्हाईक हसतं, म्हणतं काय सांगता मावशी, आणि घासाघीस सुरू होते. एकेचाळीस वर्षांत ते खरं धरणारी तू पहिली. वहीत लिहून घेतेस हे दिसलं असतं तर मी तेव्हाच थांबवलं असतं, पण तुझा कॅमेरावाला मला हनुवटी वर करायला सांगत होता.

पूर्वी ते खरं होतं हेही सांगते. बळवंतची होडी होती. खाडीतली बोय, निवट्या, चिंबोऱ्या, सगळं तो आणायचा. मग हळूहळू जाळ्यात चिखल आणि पिशव्या यायला लागल्या. पंधरा वर्षांपूर्वी होडी विकली. तेव्हापासून तो घरी असतो आणि मी धक्क्यावर जाते. खाडीतला एकही मासा माझ्या पाटीत नाही. एखादाही नाही.

आता खरी अडचण. तुमचं मराठी पुस्तक आमच्या घरी आलं. बळवंतने ते तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून पाग काढला, म्हणजे हाताने फेकायचं जाळं. दोन दिवस बसून शिवला. तेव्हापासून रोज पहाटे मी धक्क्यावर निघाले की हा खाडीवर. तुमची पिवळी छत्री चिखलात रोवून ठेवतो. नऊला परत येतो, हात रिकामे. पण अगं, पंधरा वर्षं हा माणूस दुपारी दोनपर्यंत खाटेवर असायचा. आता आंघोळ करून जातो, शीळ घालतो, परवा स्वतः दाढी केली. तू छापलंस म्हणून त्याला वाटतंय, मासे आलेत, आपल्यालाच सापडत नाहीत.

म्हणून माझी एक विनंती आहे. चूक दुरुस्त कर, पण इंग्रजीत. सोसायटीतली माझी गिऱ्हाइकं इंग्रजी वाचतात. बळवंत फक्त मराठी वाचतो. माझा धंदा वाचेल आणि त्याची खाडीही राहील.

सोनूमावशी


भांडुप (पश्चिम)
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सोनूमावशी,

उशीर झाला, माफ करा. मी दुरुस्तीचा कागद तयार केला होता, तुम्ही म्हणालात तसा इंग्रजीत. दिपेश सरांच्या टेबलावर ठेवायला गेले तर तेच उड्या मारत बाहेर आले. बँकेच्या रुचिका मॅडम दहा डिसेंबरला येणार आहेत. त्यांना सदतिसावं पान प्रत्यक्ष बघायचंय. खाडी, तुम्ही आणि मासे. त्यांनी असंही लिहिलंय की जमलं तर दुपारी तेच मासे जेवायला आवडतील.

मी सरांना सगळं सांगितलं. बाजारातलं वाक्य, धक्का, रिकामं जाळं, सगळं. मला वाटलं, ते डोक्याला हात लावतील. त्यांनी एकच गोष्ट ऐकली. म्हणाले, "तो म्हातारा रोज तिथे जाळं टाकतो? यार सपना, झकास. आपल्याला अजून काय पाहिजे?"

त्यांचा बेत असा आहे. दहा तारखेला बुधवार आहे, मासे खायचा दिवस. तुम्ही धक्क्यावरून वीस किलो चांगला माल आणायचा. काका जाळं टाकत असतील. तुम्ही काठावर पाटी घेऊन बसायचं, आणि मॅडमनी विचारलं की ते वाक्य म्हणायचं. वीस किलोचा दुप्पट भाव मिळेल आणि शिवाय पुढे वर्षभर कंपनीच्या कँटीनला मासे तुम्हीच पुरवायचे. तुमची जागा वाचेल. माझीही वाचेल.

मावशी, मी तुम्हाला हो म्हणा असं सांगत नाही आणि नाही म्हणा असंही म्हणत नाही. ते वाक्य तुम्ही रोज पन्नास वेळा म्हणता, एकावन्नाव्यांदा म्हटलं तर काय बिघडतं, असं मला अधूनमधून वाटतं. मग तुमचं पत्र परत वाचते आणि तसं वाटेनासं होतं. काय करावं कळत नाही.

सपना


भांडुप (पूर्व)
३० नोव्हेंबर २०२५

सपना,

वीस किलो, दुप्पट भाव, वर्षभराचं कँटीन. क्षमाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, डोळे झाकून हो म्हण. मी एक दिवस विचार केला. आज रविवार होता आणि अकरा किलो गेला. पूर्वी रविवारी मला पाटीवर बसायला वेळ मिळायचा नाही.

तरीही नाही म्हणते. रागावून नाही. तुला कारण सांगते, कारण तू विचारलंस की काय बिघडतं.

मी बाजारात म्हणते, नवऱ्याने काढलेत. समोरच्या बाईला माहीत असतं की मी असं म्हणणार, आणि मला माहीत असतं की तिला माहीत आहे. त्यात कुणी फसत नाही. तुझ्या मॅडमला ते माहीत नाही. तिच्यासमोर तेच वाक्य म्हटलं की ते खोटं झालं. एकेचाळीस वर्षांत मी वजनात कधी मारलं नाही, शिळं ताजं म्हणून विकलं नाही. आता म्हातारपणी एका जेवणासाठी शिकू?

आणि बळवंतला तुम्ही नाटकात उभं करणार, त्याला न विचारता. ते मला सहन होणार नाही. तो तिथे नाटक करायला जात नाही.

तुझ्या नोकरीचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. तू काय करायचं ते तू ठरव, मी तुला कमी लेखणार नाही. नोकरी गेलीच तर बाजारात ये. खवलं काढायला शिकवते. तुझे हात नाजूक आहेत, पहिले आठ दिवस कापतील, मग नाही.

सोनूमावशी


भांडुप (पश्चिम)
१५ डिसेंबर २०२५

प्रिय सोनूमावशी,

एव्हाना नवा बोर्ड तुम्ही पाहिला असेल: खाडीत अजून मासे नाहीत, सोनूबाईंचे मासे धक्क्यावरचे. तो कसा लागला ते माझ्याकडून ऐका.

दहा तारखेला सकाळी सात वाजता आम्ही खाडीवर पोचलो. रुचिका मॅडम, दिपेश सर, मी आणि कंपनीचे मालक अल्पेश शेठ स्वतः. शेठ घाटकोपरचे, पक्के शाकाहारी. नाकाला रुमाल लावूनच गाडीतून उतरले. तुम्ही येणार नाही हे कळल्यावर सरांनी एका हॉटेलातून पापलेट मागवून डब्यात ठेवले होते आणि मला बजावलं होतं, तू फक्त हसत राहा.

काका तिथे होतेच. पिवळी छत्री रोवलेली, गुडघाभर चिखलात उभे. मॅडमना ते दृश्य फार आवडलं. त्यांनी फोटो काढले. मग त्या तिथेच थांबल्या. सर घड्याळ दाखवत होते, तरी हलेनात. काकांनी जाळं किती सुंदर फेकलं, मावशी. हवेत गोल उघडायचं आणि आवाज न करता पाण्यावर बसायचं. मी मोजलं, अकरा वेळा. चार वेळा पिशव्या आल्या, एकदा चप्पल, बाकी नुसता चिखल. दर वेळी ते जाळं धुवायचे, झटकायचे आणि पुन्हा फेकायचे.

मॅडमनी मला विचारलं, यांना इथे काय मिळतं? सर म्हणाले, आज भरती कमी आहे. मी म्हणाले, "काही मिळत नाही, मॅडम. इथे मासे नाहीत." मग थांबता आलं नाही. मी सगळं सांगितलं. वही, सदतिसावं पान, बोर्ड, तुमची चाळीसातली बारा किलो. दिपेश सरांना खोकला लागला, तो थांबेना.

शेठनी रुमाल काढला आणि मला विचारलं, "मासे नाही, तर हा माणूस रोज कशाला येतो?"

मी म्हणाले, "आपला अहवाल वाचून."

शेठ काकांचं पुढचं जाळं पाण्यावर पडेपर्यंत बघत उभे राहिले. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, बोर्ड आज संध्याकाळपर्यंत बदला. दिपेश सरांनी विचारलं, इंग्रजीत की मराठीत? शेठ म्हणाले, जेवढा मोठा आधी लावला तेवढाच मोठा, दोन्ही भाषांत.

व्याजातला अर्धा टक्का गेला. हरित पुरस्काराची काचेची बाहुली परत पाठवली. कुरिअरवाल्याने विचारलं, आत काय आहे, तर कुणालाच सांगता येईना. माझी नोकरी पक्की व्हायची ती सहा महिने पुढे ढकलली आणि मला टँकरच्या वेळा लिहायला बसवलंय. ते काम बरं आहे. टँकर येतो, तेव्हाच आला असं लिहायचं असतं. मॅडमनी जाताना सांगितलं की पाचवी गोष्ट पुढच्या दोन वर्षांत खरी करून दाखवा, मग परत बोलू. शेठनी त्या तज्ज्ञाला पुन्हा बोलावलंय, आता खरोखरच्या कामासाठी.

तुमची एक गोष्ट मात्र मला पाळता आली नाही. मराठी बोर्ड लागला. काका तो वाचतील. त्यांची शीळ माझ्यामुळे थांबली तर मी काय करू, हे मला कळत नाही. मला माफ करा.

सपना

ता.क. पप्पांना सांगितलं. ते काल तुमच्याकडून दीड किलो बोंबील घेऊन आले. म्हणाले, तुझ्या मावशीने एक रुपया कमी केला नाही.


भांडुप (पूर्व)
२२ डिसेंबर २०२५

सपनाबाईंस,

बळवंत वैती याचा नमस्कार. तुमचा पत्ता सोनूच्या डब्यातून घेतला. ती दुपारची झोपलीय, तेवढ्यात लिहितो. मी चौथीपर्यंतच शिकलो, चुकलं तर समजून घ्या. सोनूला हे पत्र दाखवू नका.

नवा बोर्ड मी पहिल्याच दिवशी वाचला. सोनूला वाटतं, मी वाचला नाही. आठ दिवस, मी तिला न्यायला बाजारात गेलो की, ती मला घरी आणताना बाजाराच्या मागच्या गल्लीने आणते. गुडघा दुखतो म्हणते, आणि ती गल्ली दुप्पट लांब आहे. मी तिच्यामागून चालतो.

खाडीत मासे नाहीत हे मला तुमच्या पुस्तकाच्या आधीपासून माहीत आहे. पाण्यात पाय घातला की कळतं. पुस्तक वाचून मला मासे खरे वाटले नाहीत. पण सोनूचं बोलणं त्यात छापलं होतं. ती बाजारात बोलायची तेव्हा लोक हसायचे, तीही हसायची. तुम्ही छापल्यावर कुणी हसेना. सप्टेंबरात एक बाई तिला तोंडावर खोटारडी म्हणाली. सोनूने हे तुम्हाला लिहिलं नसणार, तिने मलाही सांगितलं नाही. मला चंद्रप्रकाशने सांगितलं. त्या दिवशी मी पाग शिवायला घेतला. म्हटलं, एक मासा काढायचा. एकच. तिच्या पाटीत ठेवायचा आणि त्या बाईला बोलावून सांगायचं, बघा, हा नवऱ्याने काढलाय.

तीन महिने गेलो. एक मिळाला नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही बोर्ड बदललात, तिचा माल परत जायला लागला. काल रविवारी साडेदहालाच पाटी रिकामी झाली. पण एक गोष्ट बघून मला बरं वाटलं नाही. शुक्रवारी मी बाजारात तिच्या मागे बसलो होतो. एका बाईने विचारलं, मासे कुठले? सोनूने तोंड उघडलं आणि मिटलं. मग हळू आवाजात म्हणाली, धक्क्यावरचे. इतका बारीक आवाज तिचा मी लग्नातही ऐकला नव्हता.

म्हणून शनिवारपासून पहाटे मी तिच्याबरोबर धक्क्यावर जातो. ती भाव करते, मी मासा बघतो. कल्ला उघडून बघायला मी विसरलेलो नाही. काल त्याच बाईने परत विचारलं, मासे कुठले? सोनू बोलायच्या आत मी मागून म्हणालो, "धक्क्यावरचे आहेत, बाई. पण एकेक मी निवडलाय."

बाईने दोन किलो घेतले. सोनू माझ्याकडे बघतच राहिली आणि पैसे घ्यायचे विसरली. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

बळवंत वैती